अद्भुताची किंमत कोण मोजतो?

'प्रौढ वाचकाने वाचावी अशी एखादी अद्भुतकादंबरी सुचवा,' अशी मागणी आमच्या अभ्यासवर्गातले विद्यार्थी अलीकडे वारंवार करतात. टोल्किनच्या कादंबरीवरचे २००१ ते २००३ मधले तीन चित्रपट त्यांचे पाहून झालेले असतात, हॅरी पॉटर शाळेतच संपलेला असतो. त्याच वर्गातले जुने कार्यकर्ते या मागणीवर नाराज होतात. गावागावांत माणूस जातीपायी मारला जात असताना जादूगार आणि ड्रॅगन कशाला वाचायचे, असा त्यांचा रोकडा सवाल असतो.

या नाराजीमागे इतिहास आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला घेतलेल्या प्रतिज्ञांत आपण ईश्वराचा अवतार नाकारला. त्यानंतर उभ्या राहिलेल्या दलित साहित्याने भोगलेल्या अनुभवाची सत्यता हाच निकष मानला. 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) यांनी मराठीत रुजविलेल्या अद्भुतरम्य कादंबरीत नायक-नायिका कुलीन घराण्यातली, आणि त्यांचे दुःख म्हणजे ताटातूट. त्या वाड्यांची झाडलोट कोण करीत होते, हा प्रश्न त्या परंपरेला पडला नाही. अशा वाङ्मयाशी आपले नाते जुळण्याचे कारण नव्हते.

तरीही मला असे म्हणावेसे वाटते की, अद्भुताकडे पाठ फिरविणे आपल्याला परवडणारे नाही. कारण या देशातली सर्वांत यशस्वी अद्भुतकथा आपल्यावरच रचली गेली आहे. एका विराट पुरुषाच्या मुखातून एक वर्ण निघाला आणि पायांतून दुसरा, ही कल्पनाच आहे. पण तिने शेतजमिनी वाटल्या, पाणवठे वाटले, स्मशाने वाटली. जोतीराव फुल्यांनी हे ओळखले होते. १८७३ च्या 'गुलामगिरी'त ते या कथेला 'खोटी' म्हणून सोडून देत नाहीत. ते तिच्या आत शिरतात. तोंडातून जन्म झाला, तर त्या तोंडाला ऋतुकाळाचा विटाळ होता की नव्हता, असे विचारून तिची शिवण उसवतात; आणि तेवढ्यावर न थांबता बळीराजाची प्रतिकथा उभी करतात. अद्भुतकथा कशी वाचावी याचा हा आपला पहिला धडा आहे. 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या तिथल्या लोकांना आहे, हेही येथे ध्यानात ठेवले पाहिजे. आज मी ज्या कादंबऱ्यांची शिफारस करणार आहे, त्यांतल्या दोन त्याच गुलामांच्या वंशज लेखिकांच्या आहेत.

आधी 'प्रौढ' या शब्दाचा निकाल लावू. बाजारात प्रौढ अद्भुतकादंबरी म्हणजे रक्त आणि शय्या, असा समज आहे. जॉर्ज मार्टिनच्या १९९६ पासून येऊ लागलेल्या कादंबरीमालेने आणि तिच्यावरील २०११ ते २०१९ या काळातल्या दूरदर्शन-मालिकेने तो पक्का केला. मार्टिन सामर्थ्यवान लेखक आहे, सत्तेचे राजकारण त्याला कळते. पण त्याच्या कथेत गुलामांची मुक्ती होते ती कोणामुळे? रुपेरी केसांच्या, राजरक्ताच्या एका राणीमुळे. गुलाम मुक्त होतात म्हणजे त्यांना मुक्त केले जाते. टोल्किनच्या १९५४–५५ च्या महाकादंबरीतही सिंहासन अखेर वंशाच्या वारसाकडे जाते. ऑर्क मात्र जन्मतःच शत्रू असतो, त्याच्या मरणाचा हिशेब कोणी ठेवीत नाही. या कादंबऱ्या वाचू नका, असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो की, ज्या कल्पनासृष्टीत जन्मच माणसाचे मोल ठरवतो, तिच्यात कितीही रक्त सांडले तरी ती प्रौढ होत नाही. माझा निकष साधा आहे. या अद्भुताची किंमत कोण मोजतो, हे लेखकाला दिसते का?

या निकषावर मी पहिले नाव ऑक्टेव्हिया बटलरच्या 'किंड्रेड' (१९७९) या कादंबरीचे घेतो. डेना ही सव्वीस वर्षांची काळी लेखिका १९७६ साली कॅलिफोर्नियात राहते. एक दिवस तिला भोवळ येते आणि ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या मेरीलँडमध्ये, गुलामांच्या मळ्यावर जाऊन पडते. मळेवाल्याचा गोरा मुलगा रूफस जेव्हा जेव्हा मरणाच्या दारात असतो, तेव्हा तेव्हा ती तिकडे ओढली जाते. हा रूफस तिचा पूर्वज आहे. ॲलिस नावाच्या काळ्या स्त्रीपासून त्याला मूल होईपर्यंत तो जगला नाही, तर डेनाचे घराणेच जन्माला येणार नाही. म्हणजे स्वतःच्या अस्तित्वासाठी तिने अत्याचाऱ्याला वाचवायचे. एवढेच नव्हे, ॲलिसने मुकाट्याने त्याच्याकडे जावे यासाठी तिची समजूत घालण्याचे काम रूफस डेनावरच टाकतो.

हे कसे घडते, याचे शास्त्र बटलर सांगत नाही. कोणते यंत्र नाही, मंत्र नाही. म्हणूनच तिने या कादंबरीला विज्ञानकथा न म्हणता भेसूर अद्भुतकथा म्हटले. अद्भुत आहे ते एवढेच, की आजची व्यक्ती काल नेऊन उभी केली. बाकी सारे वास्तव आहे. पाठीवरचा चाबूक वास्तव आहे. त्याहून भयंकर वास्तव हे की, शिकलेल्या, स्वतंत्र विचारांच्या डेनालाही त्या मळ्याची हळूहळू सवय होऊ लागते.

या कादंबरीचे बीज आपल्या फार जवळचे आहे. बटलरची आई लोकांच्या घरी घरकाम करीत असे, आणि तिथे तिला ऐकावे लागणारे शब्द लहानग्या बटलरने ऐकले होते. पुढे महाविद्यालयात काळ्यांच्या चळवळीतला एक तरुण तिला भेटला. इतकी वर्षे आपल्याला मागे ठेवणाऱ्या वडीलधाऱ्या माणसांना मारून टाकावेसे वाटते, असे तो म्हणाला. त्याला इतिहास पाठ होता, पण तो त्याच्या अंगाला लागलेला नव्हता, असे बटलरला वाटले. त्याला उत्तर म्हणून तिने ही कादंबरी लिहिली. मळ्यावरची स्वयंपाकीण सारा प्रथमदर्शनी लाचार वाटते. मग कळते की तिची तीन मुले विकली गेली आहेत आणि एक मुकी मुलगी उरली आहे. ती एक मुलगी जवळ राहावी म्हणून सारा मान खाली घालते. तिची लाचारी ही तिने रोज मोजलेली किंमत आहे.

आपल्या तरुणांतही आज हा तुच्छतेचा सूर ऐकू येतो. आजोबा येसकरपाळीची भाकरी मागत फिरले, जोहार घालीत राहिले. त्यांनी का सोसले? आपण असतो तर सोसले नसते! हा प्रश्न विद्रोहाचा वाटतो, पण त्यात इतिहासाची जाणीव नाही. सोसून त्यांनी जे जगवले, ते आपण आहोत. आत्मकथनांनी हे आपल्याला सांगितले आहेच. पण आत्मकथन वाचताना शहरातला वाचक 'ते तेव्हाचे' म्हणून सुटू शकतो. बटलर त्याला सुटू देत नाही. शेवटच्या परतीत डेनाचा डावा हात भूतकाळातच तुटून राहतो. तिथून कोणी सगळाच्या सगळा परत येत नाही, हे सांगायला अद्भुताचीच गरज होती.

दुसरे नाव एन. के. जेमिसिनच्या 'द फिफ्थ सीझन' (२०१५) या कादंबरीचे. तिच्या त्रयीतल्या तिन्ही कादंबऱ्यांना २०१६, २०१७ आणि २०१८ असे ओळीने ह्यूगो पारितोषिक मिळाले. सतत भूकंपांनी हादरणाऱ्या एका खंडात काही माणसे जन्मतः धरणीकंप शमवू शकतात. त्यांच्यावाचून राज्य टिकणार नाही, आणि त्यांच्याइतका तिरस्कार कोणाचा होत नाही. या समाजात माणसाच्या नावातच त्याचा उपयोग जोडलेला आहे. कष्टकरी, पैदाशी, पुढारी अशा जातीच त्या. राखणदार लहान मुलीवर माया असल्याचे सांगत तिचा हात मोडतो. राज्य ज्या केंद्रांच्या बळावर स्थिर आहे, तिथे मेंदू निकामी केलेली मुले खुर्चीला जखडलेली आहेत. नायिका एसून आपली ओळख लपवून गावात शिक्षिका म्हणून राहते. मुलगा आईवर गेला आहे हे कळताच नवरा त्याला मारून टाकतो. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) चा वाचक येथे थबकल्यावाचून राहणार नाही. उघडकीस येण्याची तीच धास्ती येथे आहे.

मात्र या कादंबरीशी माझा एक वाद आहे. जेमिसिनच्या पीडितांच्या अंगी खरोखरच डोंगर हलविण्याची शक्ती आहे. त्यांच्या रागाने शहरे कोसळतात. मग लोकांच्या भीतीला नकळत एक आधार मिळतो. अस्पृश्याच्या स्पर्शाने कोठलीच भिंत कोसळत नव्हती. त्याचे 'भय' संपूर्णपणे रचलेले होते. पीडिताला दिव्य शक्ती दिली की शोषणाचे कारण त्याच्या अंगात शोधले जाते, आणि मुक्ती पुन्हा जन्माच्या देणगीवर अवलंबून राहते. आपल्या लढ्याचे बळ संघटना होते. रक्तातला चमत्कार नव्हता. हा मतभेद मनात ठेवूनच ही त्रयी वाचावी. वाद घालण्याजोगे पुस्तकच अभ्यासवर्गाच्या कामाचे असते.

तिसरे, उर्सुला ले ग्विनचे 'तेहानू' (१९९०). १९६८ ते १९७२ या काळात तिने अर्थसी या द्वीपसमूहाच्या तीन कादंबऱ्या लिहिल्या. त्यांचा नायक गेड तांबूस-सावळ्या वर्णाचा. तरी मुखपृष्ठांवर आणि २००४ च्या दूरदर्शन-मालिकेत त्याला गोरा करून टाकले गेले, आणि तिने याचा जाहीर निषेध केला. पण त्या तीन कादंबऱ्यांत खरी विद्या पुरुषांचीच होती. अठरा वर्षांनी ती त्याच जगात परतली आणि तिने ते स्वयंपाकघरातून पाहिले. गेडची जादू संपलेली आहे. मध्यमवयीन विधवा टेनार, आपल्याच माणसांनी अत्याचार करून आगीत टाकलेल्या एका मुलीला वाढवते आहे. पराक्रम जवळजवळ नाही. भांडी घासणे, शेळ्या राखणे, आणि पोरीच्या जळलेल्या चेहऱ्याकडे गावाने वळवलेली तोंडे. आपली कल्पनासृष्टी कोणाच्या वगळणुकीवर उभी आहे, हे लेखिका स्वतःच्याच कादंबऱ्यांना विचारते, हे मला फार मोलाचे वाटते. आपल्या पुरुष लेखकांनीही हे पुस्तक अवश्य वाचावे.

नव्या वाचकाने 'किंड्रेड'पासून आरंभ करावा. ज्यांचे इंग्रजी कच्चे आहे त्यांच्यासाठी शिक्षकांनी आठवड्याला एक प्रकरण मराठीत सांगावे आणि त्यावर चर्चा ठेवावी. लिहू पाहणाऱ्या मित्रांना मात्र आणखी एक सांगणे आहे. अनुभवाशी इमान राखणे म्हणजे कल्पनेला गावकुसाबाहेर ठेवणे नव्हे. ज्यांनी आपल्यावर राज्य केले त्यांनी शस्त्राइतकीच कथा वापरली. ती कथा नुसती नाकारून भागणार नाही; तिच्या जागी माणसाला माणूस म्हणणारी कथा ठेवावी लागेल. जोतीरावांनी बळीचे राज्य कल्पिले तेव्हा ते कोणाच्याही डोळ्यांपुढे नव्हते. म्हणून ते खोटे ठरत नाही. ते आपल्यावर सोपवलेले काम ठरते.