‘श्यामची आई’ ते ‘क्लॅनाड’ : माध्यमांतर आणि विराम
भावप्रधान कथेच्या माध्यमांतरात तिच्यातील विरामाचे काय होते, हा येथे प्रश्न आहे. साने गुरुजींनी १९३३ साली बहुतांशी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’त श्याम सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो, पुस्तकात अशा ४२ रात्री आहेत. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या सुवर्णपदकविजेत्या चित्रपटाने आईला वनमालांचा चेहरा दिला; रात्रींमधील अंतर मात्र एका बैठकीत मिटले. ‘क्लॅनाड’ (२००४) या जपानी दृश्य-कादंबरीत वाचकाने कळ दाबल्यावर पुढचे वाक्य उमटते. २००७ च्या अ‍ॅनिमे चित्रपटात हा अवकाश आकसला. त्याच वर्षी सुरू झालेल्या मालिकेने साप्ताहिक भागांतून तो काहीसा राखला. म्हणून माध्यमांतराचे मूल्यमापन करताना प्रेक्षक रडला का, याआधी त्याला थांबण्यास किती अवधी मिळाला, हे पाहावे.