जुन्या लायब्ररी आणि नव्या भाषा : सुलभतेची एक चिकित्सा

प्रस्तावना

जावा आणि सी-शार्प या भाषांनी मेमरीच्या व्यवस्थापनाचा भार प्रोग्रामरकडून काढून घेतला. तथापि वैज्ञानिक गणनेचे बरेचसे भरवशाचे काम आजही सी आणि फोरट्रानमधील जुन्या लायब्ररींवर अवलंबून आहे. रेषीय बीजगणितासाठी १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेली 'लॅपॅक' हे त्याचे ठळक उदाहरण होय. अशा कसोटीला उतरलेल्या लायब्ररी नव्याने लिहिण्यापेक्षा त्यांच्याशी जोडणी करणे श्रेयस्कर, हे सर्वमान्य आहे. प्रश्न आहे तो या जोडणीच्या स्वरूपाचा.

सुलभतेची किंमत

१९९७ च्या जेडीके १.१ बरोबर आलेल्या जेएनआय पद्धतीत जोडणीसाठी सी भाषेत स्वतंत्र प्रोग्राम लिहावा लागतो. याउलट २००२ मध्ये आलेल्या डॉटनेटच्या पी-इन्व्होक पद्धतीत सी-शार्पमधील एक घोषणा पुरेशी ठरते. ही सोय निर्विवाद आहे. परंतु घोषणा मूळ फंक्शनशी जुळते की नाही, हे कंपायलर तपासत नाही. सी भाषेतील 'लाँग' विंडोजवर ३२ बिटांचा, तर ६४ बिटांच्या लिनक्सवर ६४ बिटांचा असतो. सी-शार्पमधील 'लाँग' मात्र सर्वत्र ६४ बिटांचाच असतो. नामसाम्यावर विसंबणारी घोषणा येथेच फसते.

याहून गंभीर चूक ती, जी कोणतीही तक्रार न करता घडते. फोरट्रान मॅट्रिक्स स्तंभांनुसार साठवते, सी-शार्प ओळींनुसार. त्यामुळे समीकरणे सोडविणाऱ्या लॅपॅकच्या 'डीजीईएसव्ही' या फंक्शनकडे मॅट्रिक्स जशीच्या तशी पाठविल्यास तिचा परिवर्त सोडविला जातो. प्रोग्राम चालतो, उत्तर येते. पण ते दुसऱ्याच समीकरणांचे असते. चाचणीसाठी सममित मॅट्रिक्स निवडली असेल तर उत्तर बरोबरही येते, कारण तिचा परिवर्त तीच असते. शिवाय हे फंक्शन मूळ मॅट्रिक्सवरच आपले अवयव लिहून ठेवते. या बाबी घोषणेत कोठेही दिसत नाहीत.

मालकीचा प्रश्न

सी लायब्ररीने मागितलेली मेमरी मुक्त कोणी करावयाची? सी-शार्पमधील डेलिगेट लायब्ररीकडे दिल्यावर तो जिवंत कोणी ठेवावयाचा? लायब्ररीने जपलेला पत्ता गार्बेज कलेक्टरला दिसत नाही. तो डेलिगेट नष्ट होऊ शकतो आणि पुढील हाकेला प्रोग्राम कोसळतो. या दृष्टीने २००५ च्या डॉटनेट २.० मधील 'सेफहँडल' महत्त्वाचा ठरतो, कारण तो मालकी प्रोग्राममध्ये स्पष्टपणे नोंदवितो. मार्च २०२४ च्या जावा २२ मध्ये स्थिर झालेली नवी व्यवस्था मेमरीची कालमर्यादा 'अरीना'द्वारे ठरविते आणि धोक्याच्या क्रियांना 'प्रतिबंधित' म्हणते. ही प्रगती स्वागतार्ह आहे. मात्र फंक्शनचे वर्णनच चुकीचे दिल्यास तेथेही आभासी यंत्र कोसळू शकते.

निष्कर्ष

जोडणीची पद्धत किती ओळी वाचविते यापेक्षा ती कोणती गृहीतके उघडपणे लिहावयास लावते, यावरून तिचे मूल्यमापन व्हावयास हवे. अध्यापनात केवळ घोषणेचे व्याकरण शिकविल्यास विद्यार्थ्याची अशी समजूत होते की व्यवस्थापित भाषेची सुरक्षितता सीमेपलीकडेही लागू असते. मांडणी, मालकी आणि आयुर्मर्यादा यांचा लेखी करार हाच जोडणीचा खरा पाया होय. घोषणा ही त्याची केवळ सही आहे.