फ्यूजन सुरक्षित आहे, पण तक्त्यात लिहितात त्या कारणाने नाही

फ्यूजनवरचा कुठलाही ओळखपर लेख किंवा सेमिनारची स्लाइड काढून बघा. दोन रकाने हमखास असतात. डावीकडे फिशन: मेल्टडाउन, हजारो वर्षांचा कचरा, चेर्नोबिल. उजवीकडे फ्यूजन: मेल्टडाउन अशक्य, कचरा म्हणजे फक्त हेलियम, इंधन एका वेळी जेमतेम ग्रॅमभर. पीएचडीच्या मुलाखतीला जाताना बरेच जण हा तक्ता पाठ करून जातात. त्याचा निष्कर्ष बऱ्यापैकी बरोबर आहे, युक्तिवाद मात्र कच्चा आहे. आणि मुलाखतीत तुम्हाला खोदून विचारतात ते युक्तिवादाबद्दलच.

पहिला मुद्दा घ्या: फ्यूजन हाताबाहेर जाऊ शकत नाही. हे खरंय. इटरसारख्या यंत्रात प्लाझ्मा सुमारे 15 कोटी अंश सेल्सिअसला धरून ठेवावा लागतो. काही बिघडलं की तो थंड होतो आणि क्रिया थांबते. इथे साखळी अभिक्रियाच नाही. पण हे उत्तर आहे चेर्नोबिलला. तिथे 26 एप्रिल 1986 ला काही सेकंदांत भट्टीची शक्ती अनावर वाढली होती.

फुकुशिमाचं काय? 11 मार्च 2011 ला भूकंप झाला तेव्हा तिथल्या चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या आपोआप बंद झाल्या. साखळी अभिक्रिया थांबली, म्हणजे तक्त्याच्या हिशेबाने धोका संपला. त्सुनामी त्यानंतर साधारण पाऊण-एक तासाने आली, डिझेल जनरेटर पाण्यात गेले आणि बंद भट्ट्यांमधलं इंधन वितळलं. कारण विखंडनातून तयार झालेले तुकडे स्वतःच किरणोत्सारी असतात आणि ते उष्णता देत राहतात. भट्टी बंद केल्याक्षणी ही उष्णता पूर्ण शक्तीच्या 6-7 टक्के असते, दिवसभराने अर्धा टक्का. ऐकायला किरकोळ वाटतं ना? फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीची औष्णिक शक्ती होती 1380 मेगावॉट. त्याचा अर्धा टक्का म्हणजे सुमारे 7 मेगावॉट. एवढ्या उष्णतेने दिवसाला दोनशे टनांहून जास्त पाण्याची वाफ होते. तेवढं पाणी आत पोचलं नाही की संपलं. (हा हिशेब एकदा स्वतः करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.)

म्हणजे विचारायचा प्रश्न 'हाताबाहेर जाईल का' एवढाच नाही. 'बंद केल्यावर आत काय उरतं' हा त्याहून महत्त्वाचा आहे. फ्यूजनची खरी ताकद इथे आहे आणि तक्त्यात नेमकी तीच नसते. ड्युटेरियम-ट्रिटियम क्रियेतून निघणारा हेलियम स्थिर असतो, त्यामुळे विखंडनाच्या तुकड्यांसारखं काही साठत नाही. पण ऊर्जेचा 80 टक्के वाटा 14.1 एमईव्हीच्या न्यूट्रॉनकडे जातो. तो भिंतीवर आदळतो आणि भिंतीचा धातू किरणोत्सारी होतो. उष्णता त्यातूनही येते, फक्त ती बरीच कमी असते आणि शेकडो टन धातूत पसरलेली असते. म्हणून मेल्टडाउन नाही. इथेच 'कचरा फक्त हेलियम' हे वाक्य खोटं ठरतं. खास पोलाद वापरून कचऱ्याचा त्रास शंभरेक वर्षांत आटोक्यात यावा असा प्रयत्न आहे, पण त्या पोलादात नायोबियमचा अंश राहिला तर नायोबियम-94 तयार होतं आणि त्याचं अर्धायुष्य सुमारे 20,000 वर्षं आहे. धातुशास्त्रातली एक अशुद्धी सगळी जाहिरात बिघडवू शकते.

आता ते 'ग्रॅमभर इंधन'. मला हा मुद्दा सगळ्यात दिशाभूल करणारा वाटतो. 1 गिगावॉट फ्यूजन शक्ती वर्षभर चालवायला साधारण 55 किलो ट्रिटियम जळतं, म्हणजे दिवसाला दीडशे ग्रॅम. ते लिथियमपासून तिथेच तयार करायचं, वेगळं काढायचं, साठवायचं. प्लाझ्मात ग्रॅमभर असेल, पण बाकीचं पाइप, भिंती आणि टाक्यांमध्ये असतं. ट्रिटियम हा हायड्रोजनच, त्यामुळे तापलेल्या पोलादातून तो झिरपतो. पाण्यात मिसळला की शरीर त्याला पाणीच समजतं. बाजू त्याचीही आहे: त्याचे बीटा कण त्वचेतूनही आत जात नाहीत, अर्धायुष्य 12.3 वर्षं, आणि शरीरातून निम्मा साधारण 10 दिवसांत निघून जातो. सीझियम-137 पेक्षा तो नक्कीच सौम्य, पण धरून ठेवायला महाकठीण.

तक्त्याचा आणखी एक दोष पद्धतीचा आहे. डाव्या रकान्यात अनेक दशकं चाललेल्या शेकडो भट्ट्यांचा अनुभव आहे, अपघातांसकट. उजवीकडे कागदावरची यंत्रं आहेत. 2023 मध्ये जेटने 69 मेगाज्यूलचा विक्रम केला तो 0.2 मिलिग्रॅम इंधनावर. कागदाची तुलना करायचीच तर फिशनच्याही नव्या, विजेशिवाय थंड राहू शकणाऱ्या आराखड्यांशी करा.

हा काथ्याकूट कशासाठी? एप्रिल 2023 मध्ये अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने फ्यूजनला अणुभट्ट्यांचे नियम न लावता कण-त्वरकांसारख्या यंत्रांच्या चौकटीत ठेवायचं ठरवलं. मला तो निर्णय पटतो, कारण उरणारी उष्णता खरोखर कमी आहे. पण ट्रिटियमचा साठा किलोंमध्ये गेल्यावर तीच चौकट पुरेल का, हे कुणीतरी मोजून दाखवायला हवं. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत शिसे-लिथियमच्या ब्लँकेटवर काम चालतं, ट्रिटियम तिथेच तयार व्हायचा आहे. तिकडे अर्ज करणार असाल तर प्लाझ्माइतकीच पाइपांचीही तयारी करून जा.