‘द कोड बुक’: पंचवीस ओळी आणि एक तक्रार

सायमन सिंग यांचं ‘द कोड बुक’ (1999) हे गुप्तलिपीच्या इतिहासाचं पुस्तक आहे. संशोधनाची तयारी करताना ते जरूर वाचा. पण माझी एक तक्रार ऐकून मग वाचा.

सीझरची पद्धत तुम्हाला माहीत असेलच. प्रत्येक अक्षर तीन घरं पुढे सरकवायचं, म्हणजे ‘ए’च्या जागी ‘डी’, ‘बी’च्या जागी ‘ई’. उलगडताना तेवढंच मागे यायचं. इंग्रजी मुळाक्षरं 26, त्यामुळे सरकवण्याचे प्रकार फक्त 25. सगळे करून बघायचे. जी ओळ वाचता येते ती बरोबर. सिंग हे सोपं करून सांगतात आणि पुढे जातात: स्कॉटलंडची राणी मेरी, अल-किंदींची अक्षरं मोजण्याची युक्ती, एनिग्मा. लिपी बनवणारे विरुद्ध फोडणारे अशी कुस्ती मस्त रंगते. पण बरोबर ओळ ओळखायची कशी, यावर ते फारसे थांबत नाहीत.

‘फ्रॉग’चं स्पेलिंग घ्या: एफ, आर, ओ, जी. तीन घरं मागे न्या. सी, ओ, एल, डी, म्हणजे ‘कोल्ड’! दोन्ही शब्द खरे. मग निरोप कोणता? चार अक्षरांवरून ठरवताच येत नाही. एकच अर्थ उरायला मजकूर किती लांब हवा, हा प्रश्न क्लॉड शॅनन यांनी 1949 च्या निबंधात गणिताने सोडवायला घेतला.

गंमत म्हणजे खरा धडा पुस्तकाच्या शेवटी, कोड्यांमध्ये आहे. (पुढे गुपित फोडतोय!) तिथे दहा कोडी होती, बक्षीस 10,000 पौंड. स्वीडनमधल्या एका गटाने ती 2000 मध्ये सोडवली. त्यातलं दुसरं कोडं साधं सीझरचं. पण 25 ओळींत इंग्रजी शोधत बसलात तर हाती काहीच लागत नाही, कारण मूळ मजकूर लॅटिन आहे. बरोबर ओळ समोरच असते, आणि आपण ती निरर्थक म्हणून सोडून देतो.

आपल्या कामातही हेच होतं. कॉम्प्युटर हजारो पर्याय तपासतो, पण कोणता ‘बरोबर’ मानायचा ही कसोटी आपणच आधी ठरवलेली असते. म्हणून प्रस्तावात पद्धत लिहून झाली की खाली एक प्रश्न लिहा: उत्तर समोर आलं, तर मी ते कशावरून ओळखणार?