हाक की पत्र? : वेब सर्व्हिसच्या रचनेतील एका रूपकाची चिकित्सा

पंधराएक वर्षांपूर्वी मी एका पतसंस्थेसाठी छोटी संगणकप्रणाली लिहिली होती. शाखेतला संगणक मुख्य कार्यालयातल्या संगणकाला ‘या खात्याला एवढी रक्कम नावे टाक’ असे सांगे आणि उत्तराची वाट पाही. एके दिवशी उत्तर वेळेत आले नाही. पडद्यावर ‘व्यवहार अयशस्वी’ असे उमटले, कारकुनाने पुन्हा बटण दाबले आणि एका सभासदाच्या खात्याला तीच रक्कम दोनदा नावे पडली. पहिली सूचना पोचली होती. हरवले होते फक्त उत्तर. चूक माझी होती, पण प्रोग्रॅमच्या एकाही ओळीत ती सापडेना. ती विचारातच होती, हे कळायला मला मूळ लेखनाकडे जावे लागले.

प्रोग्रॅमचा एक भाग दुसऱ्याला काम सांगतो, त्याला प्रोसीजर कॉल म्हणतात. हाक मारावी आणि शेजारच्या खोलीतून लगेच ओ यावी, तसे. तारेपलीकडच्या संगणकालाही अशीच हाक मारता यावी, या कल्पनेला ॲण्ड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांच्या १९८४ च्या निबंधाने भक्कम पाया दिला. दूरची हाक शक्य तितकी जवळच्या हाकेसारखी वागावी, हा त्यांचा आग्रह. पलीकडचे यंत्र चालू आहे तोवर हाकेला कालमर्यादाच नको, असे त्यांनी ठरवले; कारण जवळच्या हाकेलाही ती नसते. मात्र ते भाबडे नव्हते. उत्तर आले तर काम नेमके एकदा झाले. ते न येता बिघाडाची सूचना आली, तर काम एकदा झाले असेल किंवा मुळीच झाले नसेल, हे त्यांनी स्पष्ट नोंदवले आहे. माझ्यासारख्या पुढच्यांनी सोय तेवढी उचलली आणि ही नोंद सोडून दिली.

१९९४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या प्रयोगशाळेतून जिम वाल्डो आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी या आग्रहावरच बोट ठेवले. जवळचे आणि दूरचे यांतला फरक केवळ वेगाचा नाही, असे त्यांनी म्हटले. दूरच्या व्यवहारात अर्धाच भाग मोडतो, आणि काय मोडले हे सर्वांना सांगणारे कोणी नसते.

तरीही १९९८ मध्ये एक्सएमएल-आरपीसी आली. तिच्या नावातच हाक होती. मे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सोप १.१ चा साचा खरे तर पत्राचा : पाकीट, शीर्षभाग, मजकूर. पण हाक या पाकिटात कशी घालावी, याचाही विभाग त्याच दस्तऐवजात होता आणि अनेक साधनकर्त्यांनी तोच धरला. पुढे सेवेचे वर्णन करताना ‘आरपीसी’ आणि ‘डॉक्युमेंट’ अशा दोन शैली आल्या. दुसरी जिंकली असे सांगितले जाते. मला ते अर्धेच पटते. ‘रॅप्ड’ या रूढ पद्धतीत डॉक्युमेंटच्या मुळाशी क्रियेचेच नाव असते. पाकीट बदलले, आत तीच हाक.

मग पत्र कशाला म्हणावे? आपल्या कचेऱ्यांतली आवक-जावक नोंदवही आठवावी. पत्राला जावक क्रमांक असतो. पोच मिळाली म्हणजे काम झाले, असे कोणी मानत नाही. उत्तर आले नाही, तर जुना क्रमांक देऊन स्मरणपत्र जाते. नवे पत्र जात नाही. स्वतःचा क्रमांक, पोच आणि निकाल यांची फारकत, आणि ‘निकाल अजून कळलेला नाही’ या स्थितीला मान्यता, या माझ्या तीन कसोट्या आहेत. २०१६ मध्ये सुरू झालेली यूपीआय त्यांवर उतरते. पैसे देण्याच्या विनंतीला आधी केवळ पोच मिळते, निकाल स्वतंत्र संदेशाने येतो आणि तो न आल्यास मूळ व्यवहाराचा क्रमांक देऊन चौकशी करता येते. पडद्यावरचे ‘पेंडिंग’ ग्राहकाला त्रासाचे वाटते, पण ते खरे बोलते.

संदेशवाद्यांचा अतिरेकही मला मान्य नाही. मध्ये संदेशांची रांग बसवली की काम संपले, असे नसते. रांगेतूनही तोच संदेश दोनदा येऊ शकतो; क्रमांक ओळखण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर उरतेच. उलट एकाच केंद्रातल्या यंत्रांमध्ये नुसती माहिती वाचायची असेल, तर हाक सुटसुटीत पडते. गुगलने २०१५ मध्ये खुल्या केलेल्या जीआरपीसीत हाकेला मुदत लावता येते. बिरेल-नेल्सन यांनी नाकारलेली कालमर्यादा अशी हाकेच्याच घरात परत आली आहे.

पतसंस्थेची प्रणाली मी नंतर दुरुस्त केली. प्रत्येक सूचनेला क्रमांक दिला आणि तोच क्रमांक पुन्हा आला, तर रक्कम नावे न टाकता आधीचाच निकाल परत पाठवण्याची व्यवस्था केली. त्याला दोन दिवस लागले. पडद्यावरचे ‘अयशस्वी’ काढून तिथे ‘निकाल कळलेला नाही’ असे लिहायला पाच मिनिटे लागली. त्या कारकुनाला पहिल्या दिवशी हेच वाक्य दिसले असते, तर त्याने पुन्हा बटण दाबण्याआधी मुख्य कार्यालयाला फोन केला असता.