दोन स्वरलिपी आणि एक कोमल गांधार

हिंदुस्थानी संगीताच्या लेखनाचे जे दोन मार्ग महाराष्ट्रात रूढ झाले, त्यांपैकी एक विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांचा, तर दुसरा विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांचा. या दोहोंची तुलना बहुधा शिष्यपरंपरेच्या अभिमानातून होते आणि तिचा निष्कर्षही ठरलेला असतो : पहिली लिपी सुटसुटीत परंतु अपुरी, दुसरी बिकट परंतु काटेकोर. लेखनव्यवस्था म्हणून दोहोंकडे पाहिल्यास हा निष्कर्ष टिकत नाही.

चिन्हांच्या बाबतीत दोन्ही लिपी परस्परांच्या वाटेत येतात. स्वराच्या डोक्यावरचा बिंदू भातखंडे यांच्या लिपीत तार सप्तक दाखवितो, पलुसकरांच्या लिपीत मंद्र. डोक्यावरची उभी रेघ पहिल्या लिपीत मध्यमाला तीव्र करते, दुसरीत स्वराला तार सप्तकात नेते. शून्य एकीकडे खाली दर्शविते, तर दुसरीकडे अर्धी मात्रा. एका लिपीत मुरलेला वाचक दुसरीकडे वळला की काही काळ चाचपडतो. परंतु चिन्ह आणि अर्थ यांचा संबंध सांकेतिकच असल्यामुळे हा भेद वरवरचा मानावयास हवा.

खरा भेद कालमानाच्या लेखनात आहे. पलुसकर प्रत्येक स्वराखाली त्याचे कालमान लिहितात : एक मात्रा, अर्धी, पाव याला स्वतंत्र खूण. स्वर आपले मोल स्वतःबरोबर बाळगतो. या अंगाने ही लिपी पाश्चात्त्य स्वरलेखनाच्या जवळ जाते. भातखंडे मात्र कालमान स्वराला चिकटवीत नाहीत, ते जागेवरून सिद्ध करतात. तालाचे विभाग आखले, खाली सम, ताळी व खाली यांच्या खुणा दिल्या, की एका घरातला एकटा स्वर एका मात्रेचा. अनेक असतील तर त्यांच्याखाली कंस. लांबला तर पुढे आडवी रेघ. जे मांडणीतून कळते ते पुन्हा लिहावयाचे नाही, असे हे धोरण आहे. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर ही लिपी स्वनिमिक आहे. ती उच्चाराचे सर्व तपशील नोंदवीत नाही, अर्थभेदक तेवढेच टिपते.

येथवर भातखंडे यांची बाजू भक्कम आहे. तथापि अर्थभेदक ते सर्व या लिपीत उतरते काय, हे पाहावयास हवे. दरबारी कानडा आणि अडाणा हे दोन्ही राग भातखंडे आसावरी थाटात घालतात. दोहोंचा गांधार कोमल. दोहोंत त्याखाली तीच आडवी रेघ. परंतु दरबारीचा गांधार मंद, आंदोलित आणि नेहमीच्या कोमलाहून किंचित उतरलेला असतो. अडाण्याचा तसा रेंगाळत नाही. त्या रागाचा ओढा उत्तरांगाकडे. हा भेद गायकाच्या लहरीवर सोडता येत नाही. तो सुटला तर राग सुटतो. पलुसकरांची खूण निराळी आहे, पण कोमल गांधाराला तीही एकच. म्हणजे ज्या काटेकोरपणाचे श्रेय त्या लिपीला मिळते तो काळाचा आहे, स्वराचा नव्हे.

मराठी लेखनात याला जवळचे उदाहरण सापडते. ‘जरा थांब’ यातील ‘जरा’ आणि ‘जरामरण’ यातील ‘जरा’ यांचे पहिले व्यंजन भिन्न आहे; एक दंत्य, दुसरे तालव्य. भेद अर्थाचा आहे, तरीही लिपी एकच ‘ज’ लिहिते. मराठी माणूस अडखळत नाही, कारण शब्द त्याच्या ओळखीचा असतो. मराठी शिकू लागलेला हिंदी भाषक हमखास अडखळतो. स्वरलिपीत हे ओळखीचे काम रागाचे नाव करते. बंदिशीच्या माथ्यावर छापलेले ‘दरबारी कानडा’ हे शब्द शीर्षक म्हणून वाचले जातात. वस्तुतः त्या पृष्ठावरील सर्वांत भारी चिन्ह तेच आहे. खालच्या प्रत्येक कोमल गांधाराचा उच्चार ते ठरविते.

अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी १९१३ मधील आपल्या ग्रंथात श्रुतिभेद नोंदविण्यासाठी पाश्चात्त्य लेखनात नवी चिन्हे घातली. त्यांची अपेक्षा वर्णनाची होती. भातखंडे यांना गाण्यासाठी आराखडा हवा होता. चार्ल्स सीगर यांनी १९५८ मध्ये वर्णनपर आणि विधायक लेखन असा जो विवेक केला, तो येथे तंतोतंत लागू पडतो. एका प्रकारच्या लेखनाला दुसऱ्याच्या कसोटीवर नापास करणे अन्यायाचे होईल.

तरी भातखंडे यांच्यावरील एक आक्षेप उरतो, आणि तो गंभीर आहे. ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांपैकी पहिल्या भागांतील यमन, भैरव, काफी हे राग वाचकाच्या कानांवर असतात. शेवटच्या दोन भागांत कमी प्रचलित रागांची गर्दी आहे. तेथे माथ्यावरचे नाव मुके राहते. वाचकाने तो राग ऐकलेला नाही, आणि लिपीने जे नावावर सोपविले होते ते नाव सांगू शकत नाही. जेथे गरज सर्वाधिक, तेथेच ही लिपी सर्वांत कमी बोलते. परंपरा क्षीण होत असताना चिजा वाचविण्यासाठी केलेल्या संग्रहाच्या बाबतीत ही उणीव किरकोळ म्हणता येणार नाही.

भातखंडे यांना तिची जाणीव नव्हती, असे मात्र नाही. बंदिशींच्या जोडीला ते रागाचे वर्णन देतात, स्वरविस्तार देतात. त्या विस्तारातील स्वल्पविराम कोठे थांबावयाचे हे दाखवितात. तो मजकूर प्रस्तावनेसारखा चाळून पुढे जाण्याची विद्यार्थ्यांची सवय आहे, आणि परीक्षेतही प्रश्न बहुधा खालच्या चौकटींवर असतात. दुर्मिळ रागांपुरते बोलावयाचे तर लिपीचा अर्धा भाग त्या चौकटींच्या बाहेर, गद्यात लिहिलेला आहे.