गंधाने बांधलेल्या तीन कथा

एकाच चित्रपटात दोन-तीन गोष्टी गुंफल्या आहेत असे कोणी सांगितले, की मी आधी सावध होतो. मास्तरकीने मला ठिगळे ओळखायची सवय लावली आहे. उत्तर आठवले नाही की मुले एका धड्याचे डोके दुसऱ्या धड्याच्या धडावर बसवून देतात आणि मी लाल रेघ ओढतो. कादंबरीकार म्हणून मात्र तेच पाप माझ्या हातूनही घडले आहे. दोन कथानके काही केल्या जुळेनात, तेव्हा दोन्हीकडच्या माणसांची मी आठवडी बाजारात गाठ घालून दिली होती!

म्हणून गेल्या उन्हाळ्यात भाच्याने इंझोरीला आमच्या घरी सचिन कुंडलकरांचा ‘गंध’ लावला, तेव्हा मी पानाचा डबा घेऊन जरा मागेच बसलो. चित्रपट २००९ सालचा. पटकथेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. पुरस्काराचे नाव ऐकून तर माझा धीर आणखी खचला. अर्ध्या तासात डबा बाजूला राहिला आणि मी पुढे सरकलो.

पहिली कथा ‘लग्नाच्या वयाची मुलगी’. कला महाविद्यालयाच्या कचेरीत काम करणारी, पाहण्याच्या कार्यक्रमांनी विटलेली ही मुलगी एका विद्यार्थ्याच्या अंगच्या सुगंधाने वेडावते आणि त्याचा माग काढू लागते. अमृता सुभाष यांनी ही वेडी ओढ अशी रंगवली आहे की आमचे सारे घर खदखदून हसले. दुसरी ‘औषध घेणारा माणूस’. एड्सच्या विषाणूची लागण झालेला छायाचित्रकार एकटा राहतो आहे. त्याला आता वास येत नाहीत. दुरावलेली बायको त्याला भेटायला येते. मिलिंद सोमण आणि सोनाली कुलकर्णी ही दोनच माणसे, आणि त्यांच्यामधले न बोललेले सगळे. तिसरी ‘बाजूला बसलेली बाई’. कोकणातला पाऊस, घरात बाळंतपणाची गडबड, आणि मूलबाळ नसलेली जानकी त्याच वेळी विटाळशी म्हणून बाजूला बसलेली. ती नीना कुलकर्णी यांनी केली आहे.

एका कथेतले माणूस दुसऱ्या कथेच्या उंबऱ्यावर येत नाही. मग या तीन कथांना एकत्र बांधते कोण? सत्यजित राय यांच्या १९६१ च्या ‘तीन कन्या’त रवींद्रनाथांची लेखणी कथांना बांधते. उमेश कुलकर्णींच्या २०१५ च्या ‘हायवे’त मुंबई-पुण्याचा रस्ता बांधतो. इथे बांधतो तो वास, आणि त्याहूनही अधिक कथांचा क्रम. पहिल्या कथेत गंध माणसाला ओढून नेतो. दुसरीत तो नाहीसाच होतो. तिसरीत भिंतीपलीकडच्या माणसांचे जग जानकीपर्यंत पोचते ते बरेचसे गंधाच्याच वाटेने. मधली कथा मला प्रथम जरा गार वाटली, पहिलीच्या हशानंतर तर फारच. पण तिने आपले नाक रिकामे केले नसते, तर तिसऱ्या कथेतला वास आपल्याला इतका जाणवला नसता.

याचा पडताळाही मिळाला. कुंडलकरांनीच २०१२ साली पहिल्या कथेचा ‘अय्या’ हा हिंदी चित्रपट केला. राणी मुखर्जी त्यात नायिका होती. भाच्याने तोही दाखवला. गंमत होती, नाचगाणी होती. पण शेजारच्या दोन बहिणींवाचून ती कथा मला पोरकी वाटली.

आता खरे सांगतो. तिसऱ्या कथेत मला जानकी दिसेनाशी झाली आणि आमची काकू दिसू लागली. महिन्यातून चार दिवस ती ओसरीच्या कोपऱ्यात घोंगडीवर बसे. काकूला कावळा शिवला, जवळ जाऊ नका, असे आम्हा पोरांना बजावलेले असे. एका वर्षी ते दिवस नेमके दिवाळीच्या फराळात आले. अनारसे करावेत ते काकूनेच. पण त्या दिवशी कढईशी आई होती. मध्येच ओसरीवरून हाक आली, “बाई, आच कमी करा, तूप जळून राह्यलं!” आम्ही सगळे हसलो. काय हे काकूचे नाक! आम्हाला त्यात एवढेच दिसले. कोपऱ्यात बसल्या बसल्या ती प्रत्येक घाण्याबरोबर स्वयंपाकघरात येत होती, हे मला इतक्या वर्षांनी, चित्रपट पाहताना कळले.

माझ्या दोन कादंबऱ्यांत काकू आहे. दोन्हींत ती राबते, भांडते, हसवते. ओसरीवर बसलेली काकू मात्र मी कुठेच लिहिली नाही. ते लिहिण्याजोगे आहे असे मनातही आले नाही. आता काकू हयात नाही.

चित्रपट संपला तेव्हा खोलीत कोणी बोलत नव्हते. सौभाग्यवती उठली आणि दाराशी थांबून म्हणाली, “मी पण बसले आहे की तशी, माहेरी.” लग्नाला इतकी वर्षे झाली, पण मी तिला कधी विचारले नव्हते.

वाचकहो, फराळाची ताटे आवरली की हा चित्रपट घरातल्या मोठ्यांनी एकत्र बसून पाहावा. आणि संपल्यावर घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना थोडे बोलू द्यावे.